चालू क्वेरी खात्रीने रद्द करणे : पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर

वापरकर्त्याने ‘रद्द करा’ दाबल्यावर पडद्यावरचे चक्र थांबते, पण सर्व्हरवरची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली मागणी, तशीच चालू राहू शकते. ड्रायव्हर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा कोड) किंवा कनेक्शन पूल (अनेकांनी आळीपाळीने वापरायच्या उघड्या जोडण्यांचा साठा) लिहिणाऱ्याने डेटाबेस निवडताना म्हणूनच एक प्रश्न आधी विचारावा : रद्द केल्याची पोच मिळते का?

एसक्यूएल सर्व्हरच्या टीडीएस प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या नियमांमध्ये, ती मिळते. क्लायंट त्याच जोडणीवरून ‘अटेन्शन’ हा थांबवण्याचा संदेश पाठवतो आणि सर्व्हर पोचखूण असलेले ‘डन’ टोकन परत करतो. ते येईपर्यंत उरलेला मजकूर वाचून टाकला, की पुढच्या क्वेरीला धोका उरत नाही. मात्र खुला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) आपोआप मागे फिरेलच, म्हणजे त्यातले बदल रद्द होतीलच, असे नाही. ते ‘एक्सॅक्ट अबॉर्ट’ (XACT_ABORT) या सेटिंगवर ठरते.

पोस्टग्रेसमध्ये दुसरी जोडणी उघडून मूळ जोडणी सांभाळणाऱ्या सर्व्हर-प्रोसेसचा क्रमांक आणि गुप्त किल्ली पाठवावी लागते. किल्ली जुळली तर सर्व्हर त्या प्रोसेसला सिग्नल देतो, आणि जुळो वा न जुळो, काहीही उत्तर न देता जोडणी बंद करतो. विनंतीत क्वेरीची ओळख नसते, फक्त प्रोसेसची असते. त्यामुळे तेवढ्यात पहिली क्वेरी संपून त्याच जोडणीवर दुसरी सुरू झाली असेल, तर रद्द होते ती दुसरी, आणि पूलमध्ये ती भलत्याच वापरकर्त्याची असू शकते. यावर उपाय शिस्तीचा आहे : रद्द करणारी जोडणी सर्व्हरने बंद केल्याचे दिसेपर्यंत आणि मूळ जोडणीवर ‘रेडी फॉर क्वेरी’ हा सर्व्हर पुढच्या क्वेरीला तयार असल्याचा संदेश येईपर्यंत मूळ जोडणी पूलला परत देऊ नये. मध्ये लोड बॅलन्सर (जोडण्या अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) असेल, तर विनंती दुसऱ्याच सर्व्हरवर पोहोचू शकते, हेही तपासावे. लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीचे जुने ‘पीक्यूकॅन्सल’ हे फंक्शन ही किल्ली एन्क्रिप्शनविना पाठवते. २०२४ च्या आवृत्ती १७ मधील नवी फंक्शने मूळ जोडणीचेच एन्क्रिप्शन वापरतात, म्हणून त्याआधीची लायब्ररी मी उघड्या नेटवर्कवर वापरणार नाही.

मायएसक्यूएलमध्येही दुसरी जोडणी लागते, पण तिच्यावर रीतसर लॉगिन करून ‘किल क्वेरी’ ही आज्ञा द्यावी लागते. अधिकारांची तपासणी होते, ही जमेची बाजू. पण जोडण्यांची मर्यादा भरली असेल, तर सामान्य खात्याला ती आज्ञा देण्यापुरतीही जागा मिळत नाही, आणि रद्द करण्याची निकड बहुधा तेव्हाच असते. चुकीची क्वेरी मारली जाण्याचा धोका इथेही आहे, कारण क्रमांक जोडणीचा असतो.

केवळ या निकषावर माझी पसंती एसक्यूएल सर्व्हरला आहे. पोस्टग्रेस निवडलेच असेल, तर वरची शिस्त पूलमध्येच बांधावी आणि ठरलेल्या वेळेनंतर क्वेरी आपोआप थांबवणारा ‘स्टेटमेंट टाइमआउट’ही लावावा; मायएसक्यूएलमधली तशी ‘मॅक्स एक्झिक्यूशन टाइम’ ही मर्यादा फक्त सिलेक्ट क्वेरींना लागू होते.