रक्तवाढीच्या गोळ्या की लोहाचे सलाईन? मूळव्याध असलेल्यांसाठी एक तुलना

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीच्या, कागदावर हिमोग्लोबिन आठ-नऊच्या घरात, एमसीव्ही (लाल पेशींचे सरासरी आकारमान) सत्तरच्या आसपास आणि वेगळ्या तपासणीत फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचे माप) अगदी तळाला, असे तिन्ही आकडे हाती आले की लोहाच्या कमतरतेबद्दल फारसा वाद उरत नाही. प्रश्न उरतो तो लोह तोंडावाटे घ्यावे की शिरेवाटे, एवढाच. मी लातूरच्या मोंढ्यात एका अडतीवर हिशेब लिहितो, दिवसाचा बहुतेक वेळ गादीवर बसून जातो, रक्ती मूळव्याध जुनी आहे आणि हे दोन्ही मार्ग मी चालून पाहिले आहेत. अंतिम निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी काय विचारायचे, एवढे ठरवायला हा मजकूर उपयोगी पडावा.

तिसरा पर्याय घरची मंडळी हमखास सुचवतात, तो म्हणजे रक्ताची पिशवी. त्याचा विचार आधीच बाजूला ठेवतो. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढते आणि तिच्यातून जेमतेम 200 ते 250 मिलिग्रॅम लोह मिळते. साठ किलो वजनाच्या माणसाचे हिमोग्लोबिन आठवरून पंधरावर न्यायचे आणि साठाही भरायचा, तर प्रचलित सूत्राप्रमाणे सुमारे 1500 मिलिग्रॅम लोह लागते. म्हणून हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले, छातीत दुखू लागले किंवा रक्तस्राव थांबतच नसेल, तरच डॉक्टर सहसा पिशवीकडे वळतात. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून ‘अठ्ठ्याण्णव दाखवतो, म्हणजे ठीक आहे’ असे समाधानही कोणी करून घेऊ नये. आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती भाग प्राणवायूने भरलेला आहे, एवढेच ते यंत्र सांगते. हिमोग्लोबिनच निम्मे असेल, तर अठ्ठ्याण्णव टक्क्यांतही शरीराला पोहोचणारा प्राणवायू जवळपास निम्माच असतो, आणि जिना चढताना धाप लागते ती त्यामुळे.

आता गोळ्या. त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. बहुतेकांसाठी सुरुवात गोळीनेच व्हावी, असे मलाही वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात, दुकानातली फेरस अस्कॉर्बेटची गोळीही परवडते आणि लोह नीट शोषले गेले, तर महिनाभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम वर येते. रोज दोन वेळा घेण्याऐवजी एक दिवसाआड एक गोळी घेतली तरी चालते का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. गोळी घेतल्यावर यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते, ते साधारण दिवसभर आतड्यातील लोहाची वाट अडवते आणि दुसऱ्या डोसाचा बराच भाग वाया जातो. चहाचे पथ्य मात्र मोंढ्यात कठीण, कारण प्रत्येक सौद्याला कप पुढे येतो आणि चहातील टॅनिन लोह अडवते. मी गोळी रात्री झोपताना, लिंबाच्या पाण्यासोबत घेऊ लागलो आणि तो प्रश्न मिटला.

जे मिटले नाही ते बद्धकोष्ठ. लोहाच्या गोळीने पोट धरते, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि निरोगी माणूस ते सहनही करतो. मूळव्याध असलेल्याचा हिशेब वेगळा आहे. गोळी सुरू झाली की मळ खड्यासारखा होतो, कुंथावे लागते, कोंब दुखावतो आणि भांड्यात पुन्हा लाल धार दिसते. म्हणजे ज्या वाटेने लोह गेले म्हणून गोळी सुरू केली, तीच वाट गोळीने मोकळी होते. इसबगोल झाले, कोमट पाणी झाले, ज्वारीच्या भाकरीसोबत पालेभाजी वाढवून झाली, गोळीचा प्रकारही बदलून पाहिला. थोडा फरक पडे, पण सकाळी शौचाला जायची धास्ती काही केल्या जाईना आणि मग गोळी चुकवायला निमित्त पुरे होई. माझ्या बाबतीत हिमोग्लोबिन थोडे वर येऊन तिथेच अडून बसले, ते बहुधा या जमा-नावेच्या खेळामुळे. शिवाय लोहाने मळ काळा होतो, त्यामुळे जठरात कुठे रक्तस्राव होत असेल, तर त्याची खूणही झाकली जाऊ शकते.

सलाईनमध्ये दोन प्रकार प्रामुख्याने पुढे येतात. आयर्न सुक्रोज स्वस्त आहे, पण एका वेळी साधारण 200 मिलिग्रॅमच देतात, त्यामुळे दिवसाआड दवाखान्याच्या खेपा होतात. गाव दूर असेल, तर प्रत्येक खेपेला एसटी आणि बुडालेला रोज धरावा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज महाग, काही हजारांच्या घरात, पण 1000 मिलिग्रॅमपर्यंत मात्रा पंधरा-वीस मिनिटांत एकाच बैठकीत जाते. मी ते घेतले. ही बाटली गर्द तपकिरी असते. थकवा आला की गावोगावी लावतात ती पिवळी ‘ताकदीची बाटली’ वेगळी, आणि तिच्यात लोह नसते, हे सांगण्याची गरज अजूनही पडते. दुसऱ्याच दिवशी अंगात बळ येईल अशी आशा ठेवू नये, कारण रक्तपेशी तयार व्हायला वेळ लागतोच. मला तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गोदामाचा जिना न थांबता चढता आला, आणि पोटाने या काळात अजिबात कुरकुर केली नाही. माझ्यापुरता निकाल या दुसऱ्या गोष्टीने लागला.

धोके नाहीत असे नाही. क्वचित तीव्र ॲलर्जी येते, म्हणून ही बाटली घरी किंवा सोयी नसलेल्या ठिकाणी लावू नये आणि नंतर किमान अर्धा तास तिथेच बसावे. सुई शिरेबाहेर सरकली, तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही. जळजळ वाटताच नर्सला सांगावे. कार्बोक्सिमाल्टोजने काहींच्या रक्तातील फॉस्फेट उतरते, विशेषतः पुन्हा पुन्हा घेतल्यास. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत शिरेवाटे लोह टाळतात. आणि एमसीव्ही कमी असूनही फेरिटिन चांगले असेल, तर गोळी आणि बाटली दोन्ही थांबवून आधी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकत्वाची तपासणी करावी.

ज्याचे पोट गोळी मुकाट्याने सोसते, त्याने बाटलीवर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही. पण मूळव्याध असेल, आतड्याचा दाह असेल किंवा गोळ्यांचा नेम पाळणेच अशक्य असेल, तर माझा कल सलाईनकडे आहे. धारूर-वडवणीकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या, पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या बाईला फडात कोपीवर राहून महिनोन्‌महिने गोळ्यांचा नेम पाळायला सांगण्यापेक्षा, निघण्यापूर्वी एका बैठकीत लोह देणे मला अधिक व्यवहार्य वाटते. डॉक्टरांपुढे हा मुद्दा जरूर मांडावा.

कोणताही मार्ग घेतला, तरी गळती थांबवल्याशिवाय भर टिकत नाही. मी मूळव्याधीवर बँडिंग, म्हणजे कोंबाच्या मुळाशी रबराचे कडे बसवून तो सुकवण्याचा उपचार, करून घेतले. वय पन्नाशीकडे झुकलेले असेल, तर सगळा दोष मूळव्याधीवर टाकण्यापूर्वी दुर्बिणीतून आतडे पाहून घ्यावे. सलाईननंतर फेरिटिन तपासायची घाई करू नये. पहिले काही आठवडे ते फसवे उंच दिसते, म्हणून हिमोग्लोबिन महिन्याने आणि फेरिटिन दोन महिन्यांच्या सुमारास पाहिलेले बरे.