सांगलीतल्या घराला यूपीव्हीसी खिडक्या: अकरा महिन्यांचा अनुभव

आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्याच्या सगळ्या खिडक्या पाण्याखाली होत्या. आजोबांच्या वेळच्या सागवानी झडपा त्या. पाणी उतरल्यावर त्या चौकटीत अशा रुतून बसल्या की एक तर पहार घालून उघडावी लागली. सुतारमामांनी रंधा मारून दिला. मग उन्हाळ्यात लाकूड सुकलं आणि त्याच झडपांत बोट जाईल एवढी फट पडली. २०२१ ला परत पूर, परत रंधा. शेवटी मागच्या फेब्रुवारीत खालच्या पाचही खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या बसवल्या. "ह्याला मी रंधा कुठं मारायचा?" एवढंच मामा म्हणाले. आईचं मत अजूनही 'प्लास्टिक ते प्लास्टिक' असंच आहे.

हे साधं पीव्हीसीच, पण नळीसारखं मऊ करायला त्यात जे घालतात ते इथं नसतं, म्हणून कडक. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही, गंजत नाही. एवढं वाचून मी दुकानात गेलो. तिथं कळलं की नुसत्या प्लास्टिकवर मोठी खिडकी तरत नाही. प्रोफाइलच्या, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीच्या, पोटात गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची पट्टी लागते, आणि स्वस्तात देणारे नेमकी तीच गाळतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक खिशात घालून गेलो होतो. एका ठिकाणी ते प्रोफाइलला ओढ घेत होतं, दुसऱ्या ठिकाणी घसरून खाली पडलं. दुसऱ्या ठिकाणचा दर शंभर रुपयांनी कमी होता, चौरस फुटाला.

कोटेशनमध्ये जे नव्हतं ते आधी सांगतो. आमचे गज जुन्या चौकटीतच होते. चौकट काढली तशी गजही गेले. मग बाहेरून नवीन ग्रिल, त्याचा फॅब्रिकेटर वेगळा, फुटलेल्या गिलाव्याला गवंडी वेगळा, शेवटी रंगारी. खिडक्यांच्या बिलाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ह्या मंडळींत गेला.

एप्रिलमध्ये पहिली तक्रार सुरू झाली. हॉलची पश्चिमेकडची पाच फुटी खिडकी दुपारी तीनला सरकेना. रात्री दहाला एका बोटानं सरकायची. दुकानदाराला फोन केला, तर "रोलरमध्ये धूळ असेल." माणूस आला तो सकाळी, तेव्हा खिडकी अगदी गुणी बाळासारखी चालली. तिसऱ्या खेपेला मी त्याला मुद्दाम चार वाजता बोलावलं, तेव्हा कुठं पटलं. कारण साधं निघालं. पीव्हीसी उन्हात लाकडापेक्षा आणि ॲल्युमिनियमपेक्षाही बरंच जास्त वाढतं. पाच फुटी पट्टीला तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर साधारण तीन मिलिमीटर. त्यासाठी फ्रेम आणि भिंतीच्या मध्ये सांध सोडून फोम भरायचा असतो, वरून सिलिकॉन. आमच्या गवंड्यानं ती सांध सिमेंटनं ठासून भरली होती. चांगलं काम करायच्या नादातच, बिचाऱ्यानं. फ्रेमला बाहेर जागा नाही, मग ती आत फुगणार. सिमेंट खरवडून फोम भरला, तेव्हापासून तक्रार नाही. म्हणजे लाकूड पावसात फुगायचं, हे उन्हात फुगतं. रंग पांढरा घेतला ते बरं झालं. हिला लाकडी रंगाचा गडद फिनिश आवडला होता, पण तो पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो.

'खोली थंड राहते' हे मात्र विसरा. फ्रेम ॲल्युमिनियमसारखी चटका देत नाही, हे खरं. पण ऊन आत येतं ते काचेतून, आणि काच आमची एकेरीच आहे. पडदा लागतोच.

जुलैत झोपायच्या खोलीत खिडकीच्या खालच्या पन्हळीत पाणी साठून आत ओघळलं. मला वाटलं, सिलिकॉन सुटलं. तसं नव्हतं. फ्रेमच्या खालच्या अंगाला पाणी बाहेर जायला बारीक चिरा ठेवलेल्या असतात. त्या बांधकामाच्या धुळीनं बुजल्या होत्या. खराट्याची हिराची काडी घालून फिरवली आणि राखाडी पाण्याची धार बाहेर पडली. आता गळीत हंगामात हेच पुन्हा होतंय. रात्री कुठंतरी पाचट पेटवतात आणि सकाळी पन्हळीत काळ्या पापुद्र्यांचा थर असतो. बोट लावलं की त्याची काजळी होते. पांढऱ्या फ्रेमवर ती उठून दिसते, पण साबणाच्या पाण्यानं निघते. थिनर लावू नका, एका कोपऱ्याची चकाकी मी घालवून बसलोय.

माझी खरी चूक सरकत्या खिडक्या घेतल्या ही. दिसायला देखण्या, पडद्याला आड येत नाहीत, म्हणून पाचपैकी चार त्याच घेतल्या. दोन झडपांची सरकती खिडकी कधीच अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही. आजोबांच्या झडपा दोन्ही बाजूंना सताड उघडायच्या आणि संध्याकाळी नदीकडचा वारा सरळ माजघरापर्यंत यायचा. आता तो निम्माच येतो, आणि मेमध्ये त्या निम्म्याची किंमत कळते. पाचवी, देवघराची, बिजागरीवर उघडणारी घेतली होती. आई दुपारी तिथंच चटई टाकते.

जाळीला मात्र पैकीच्या पैकी. तीन ट्रॅक घेतले, त्यामुळे जाळीची झडप स्वतंत्र सरकते. पाणी ओसरल्यावर इथं डासांचं काय होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. फायबरची जाळी मांजरानं दोन महिन्यांत ओरबाडली, मग स्टीलची लावली.

पुराची परीक्षा अजून झालेली नाही, होऊही नये. प्लास्टिक फुगणार नाही याची खात्री आहे. रोलरमध्ये आणि पोटातल्या लोखंडापाशी गाळ शिरला तर काय, ते बघावं लागेल.

स्वयंपाकघराचं माप दुकानाचा माणूस परवा घेऊन गेलाय. ह्या वेळी बिजागरीची खिडकी. आणि 'सिमेंट भरू नये' हे मी भिंतीवर, खिडकीच्या शेजारीच, खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.