मुठेच्या पात्रात कुत्री फिरवणं : नऊ महिन्यांचा अनुभव

चकली आमच्याकडे आली ती गेल्या भाद्रपदात. शेपटी इतकी गोल वळलेली की दुसरं नाव सुचलंच नाही. देशी, तांबूस, सोळा किलो, डॉक्टरांच्या अंदाजाने दीड वर्षाची. आम्ही पुण्यात नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या रविवारी जवळच्या बागेत नेली तर फाटकावरच पाटी, कुत्र्यांना आत आणू नये. वॉचमनकाका सज्जन होते. म्हणाले, "ताई, तुम्ही या की आत. हिला बाहेर बांधा." मी फिरून परत येईपर्यंत तिनं पाटी वाचत बसायचं!

मग नदी. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून जवळजवळ रोज सकाळी आम्ही दोघी पात्रात. भिडे पुलापासून खाली ओंकारेश्वराच्या बाजूला, कधी उलट, वर म्हात्रे पुलाकडे. पुण्यात कुत्र्यांना चालणारी नदीकाठची बाग कुठली असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच. फक्त ती बाग नाही, आणि तिथे कुत्रं चालतं याचं कारण तिथे सगळंच चालतं. पार्किंग, क्रिकेट, गाडी शिकणारे, म्हशी, कालच्या पार्टीच्या बाटल्या. नदीकडे कोणाचं फारसं लक्ष नाही म्हणून आमच्याकडेही नाही. नदीकाठ सुधारणा प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली, त्यात मुठेचे दहा किलोमीटरहून जास्त आहेत. आमच्या तुकड्यात तो आला की बाकं येतील, दिवे येतील, आणि त्यांच्या मागोमाग पाटीही येईल अशी मला दाट शंका आहे. तोवर पाचपैकी साडेतीन तारे देते, त्यातला एक निव्वळ मोकळ्या आभाळाला. पेठेत राहणाऱ्यांना कळेल.

वेळ सांभाळा, बाकीचं निम्मं आपोआप सांभाळलं जातं. पावणेसहा ते सात. तेव्हा पात्रात टिटवी ओरडत असते, वंचक बगळे पाण्याच्या कडेला मान आखडून बसलेले असतात आणि डोक्यावरून पहिली मेट्रो जाते. पगडीच्या आकाराच्या छपराचं ते स्टेशन आणि त्यातून निघणारी गाडी यांच्यावर चकली पहिले पंधरा दिवस जीव तोडून भुंकली. आता मानही वर करत नाही. सातनंतर गाड्या लागायला सुरुवात होते, मग मजा नाही. संध्याकाळी मी जातच नाही. खाण्याच्या गाड्यांखाली कोंबडीची हाडं पडलेली असतात आणि चकलीच्या तोंडातून हाड काढणं म्हणजे दातांच्या डॉक्टरकडची नोकरी. एप्रिल-मेमध्ये तर काँक्रीट दिवेलागणीनंतरही तापलेलं असतं. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवली नाही तर तिच्या पंजालाही सोसणार नाही.

आता भटक्या कुत्र्यांबद्दल. पात्रात तीन टोळ्या आहेत आणि त्यांच्या हद्दी पेठांपेक्षा कडक आहेत. पुलाखालची टोळी शांत. जवळपास सगळ्यांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. कचऱ्याच्या ढिगाजवळची टोळी मात्र तापट. पहिल्या आठवड्यात पाच जण अंगावर आले तेव्हा मी चकलीला उचलायला गेले, ही माझी चूक. उचललं की ते उड्या मारतात आणि नखं आपल्याला लागतात. आता मी थांबते, तिला पायांच्या मागे घेते, आवाज न चढवता "हाड" म्हणते आणि पाठ न दाखवता बाजूला सरकते. पट्टा कधीच सोडत नाही. मोकळं पात्र बघून सोडायचा मोह होतो, पण एकदा ती म्हशीच्या वासरामागे गेली आणि मी तिच्यामागे गुडघाभर चिखलात. त्या चपला अजून तिथेच असाव्यात.

सगळ्यात जास्त लाज वाटली तो प्रसंग ओंकारेश्वराच्या घाटावरचा. तिथे दशक्रिया विधी चालतात. डिसेंबरातली सकाळ, एक कुटुंब पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत उभं. कावळे झाडावर, शिवायला तयार नाहीत. मंडळी हात जोडून हळूहळू एकेक आश्वासन देत होती, धाकटीचं लग्न करू, गावची जमीन विकणार नाही. मी बाजूने जाऊ म्हणून पट्टा जरा सैल केला आणि चकलीनं दोन ढांगांत जाऊन भात खाल्ला. सगळा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हात जोडून माफी मागितली. घरातले सगळे गप्प, आणि मग एक काकू पदराआड हसायलाच लागल्या. "ह्यांना कुत्र्यांचं फार होतं हो," म्हणाल्या. गुरुजींनी दुसरा पिंड काढला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "श्राद्धात कुत्र्याचाही घास असतो, ताई. फक्त तो आपण काढून ठेवायचा असतो, तिनं उचलायचा नसतो." तेव्हापासून घाटाच्या पंचवीस पावलं आधीच वर वळते. तुम्हीही वळा.

पाण्याचं मात्र विनोदात घालवण्यासारखं नाही. खडकवासल्यातलं पाणी शहराला आणि कालव्याला जातं. पावसाळा सोडला तर खाली पात्रात उरतं ते बरंचसं सांडपाणी. मार्चपासून रंग काळा आणि वास असा की चकलीलासुद्धा आवडतो, यावरून काय ते ओळखा. पाण्यात उतरू देऊ नका, डबक्यातलं पिऊ देऊ नका. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा आजार, पसरतो आणि काठाला घुशी भरपूर. लेप्टोची लस वर्षाच्या वर्षी चुकवायची नाही, रेबीजची तर नाहीच. महापालिकेचा परवाना काढायलाही रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. घरून पाण्याची बाटली आणि स्टीलची वाटी नेते. वाटी बघून एका आजोबांनी विचारलं होतं, "चावते का हो?" "नाही हो आजोबा." "मग पाळलीत कशाला?"

फेब्रुवारीत खरा फटका बसला. चकलीनं दोन दिवस पोळीला तोंड लावलं नाही, नाक गरम, जिना चढताना मधेच बसली. आधी गेलो त्या दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून औषध दिलं आणि चार दिवस वाया गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पंजे उघडून बघितले. पुढच्या डाव्या पायाच्या बेचक्यात, बोटांच्या मधोमध, एरंडीच्या बीएवढी फुगलेली गोचीड, करडी, गुळगुळीत, बोट लावलं तरी न हलणारी. रक्त तपासलं तर प्लेटलेट खाली आलेल्या. टिक फीवर, म्हणजे गोचीडताप. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन, रोज भाकरीच्या लोण्यात लपवून. ती लोणी चाटून गोळी सतरंजीवर ठेवायची, स्वच्छ धुतल्यासारखी. आता पात्रातून आल्यावर आधी दाराबाहेर तपासणी. बेचके, कानाच्या आतल्या घड्या, शेपटीच्या बुडाखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही, ओढता ओढता पिरगाळायचं नाही. गोचिडींची गोळीही नेमाने देतो. गवत वाढलेल्या भागात जाणं बंद केलंय, विशेषतः म्हशी बसतात तिथे.

शी उचलायला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या वापरते, घरात रोज दोन निघतातच. पात्रात कचरापेटी नाही, त्यामुळे पिशवी हातात घेऊन वर रस्त्यापर्यंत यायचं. लोक बघतात. एकदा शेजारच्या वहिनींनी जिन्यात "काय आणलंत एवढ्या सकाळी?" असं विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी काही विचारलेलं नाही. पण इतर कुत्रेवाल्यांपैकी उचलणारे मला नऊ महिन्यांत तिघे दिसले. मग पाट्या लागतात त्याबद्दल तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? संक्रांतीच्या सुमारास बाभळींना अडकलेला नायलॉन मांजा, सदासर्वकाळ काचा, हेही आहेच.

पावसाळ्यात हे सगळं बंद. खडकवासला धरणाचं नाव मोठं, पण पोटात जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, आणि पानशेत, वरसगाव, टेमघर या वरच्या धरणांचं पाणी येतं ते त्यातच. त्यामुळे घाटमाथ्यावर दोन दिवस धो धो पडला की पेठेत ऊन असलं तरी पात्रात पाणी चढतं. जुलै २०२४ मध्ये विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) वर गेला तेव्हा सिंहगड रोडजवळच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी होतं. आमच्या सासूबाई पानशेत फुटलं तेव्हा, १९६१ साली, आठ वर्षांच्या. त्यामुळे आमच्याकडे जून लागला की सकाळी चहाच्या आधी त्यांच्या फोनवर विसर्गाचा आकडा येतो आणि तो मोठ्यानं वाचला जातो. आकडा चार अंकी झाला की पात्र बंद, यावर अपील नाही. पाणी ओसरल्यावरही आठ-दहा दिवस खाली जाऊ नका. गाळ वरून सुकलेला दिसतो आणि पाय टाकला की आत जातो, आणि वाहून काय काय आलेलं असतं ते विचारू नका.

सध्या भिडे पूल पाण्याखाली आहे. चकली जिना उतरली की सवयीनं नदीकडे ओढते, म्हणून आधी झेड ब्रिजवर जातो. ती कठड्याच्या फटीत तोंड घालून खाली बघत राहते. काल एक नारळ वाहत चालला होता, त्याच्यावर भुंकली, तो दिसेनासा होईपर्यंत. मग सासूबाईंनी फर्मावल्याप्रमाणे लक्ष्मी रोड.