लॅपटॉपला मॉनिटर जोडायचाय: टाइप-सीवाला की डिस्प्लेलिंकवाला?

पुण्यातल्या तापकीर गल्लीत "मॉनिटर जोडायचा अडॅप्टर द्या" म्हटलं की काउंटरवर दोन डब्या येऊ शकतात. दिसायला सख्ख्या बहिणी, आतला कारभार मात्र निराळा.

टाइप-सी ते एचडीएमआय हा सरळमार्गी. ग्राफिक्समधून निघालेलं चित्र थेट पडद्यावर; ड्रायव्हरची (म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर टाकायची) भानगड नाही. फक्त तुमच्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर पडायला हवा. पोर्टशेजारी थंडरबोल्टचं (विजेच्या आकाराचं) किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह दिसतंय का बघा. नसेल तर मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' (टाइप-सीतून व्हिडिओ बाहेर काढायची सोय) शोधा. मी न बघताच घेतला होता. घरी येऊन तासभर 'नो सिग्नल' वाचत बसलो! मॉनिटर फोर-के असेल तर डबीवर ३० हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) लिहिलंय की ६०, तेही वाचाच. ३० वर माउसचा बाण अडखळतो.

डिस्प्लेलिंकवाला साध्या चपट्या यूएसबीतही चालतो. पण त्याला ड्रायव्हर लागतो, चित्र आवळून पाठवायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. एक्सेल, मेलला ठीक; गेमिंगला नको.

आणि लॅपटॉपला मुळातच एचडीएमआय असेल, तर दोन्ही डब्या परत सरकवा, साधी केबल मागा.