ट्रायकोकार्ड: उसात पैसे वसूल, हरभऱ्यात वाया

ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि त्यावर डिंकाने चिकटवलेली १८ ते २० हजार अंडी, म्हणजे मापाने १ सीसी. ही अंडी कॉर्सायराची, म्हणजे तांदळावरच्या पतंगाची. अतिनील प्रकाशात धरून त्यांतला गर्भ मारलेला असतो आणि मग ट्रायकोग्रामाच्या माद्या त्यांत आपली अंडी घालतात. ट्रायकोग्रामा म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा परोपजीवी कीटक. तीन-चार दिवसांत कार्डावरची अंडी काळी पडतात आणि साधारण आठव्या दिवसापासून त्यांतून प्रौढ बाहेर येतात. मादी शेतात किडीची अंडी हुडकून त्यांत आपलं अंडं घालते. पिकाला लागणारी अळी जन्मालाच येत नाही.

कार्डाबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथेच सुरू होतात. उसात खोडकिडीने पोंगा, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांची सुरळी वाळली, ओढला की हातात येतो, बुडाला घाण वास मारतो, आणि मग माणूस कार्ड आणायला धावतो. तेव्हा अळी खोडात शिरलेली असते, ट्रायकोग्रामाचा तिच्याशी काही संबंध उरत नाही. कार्ड लावायची वेळ पतंग उडायला लागल्याची. ती कळायला कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे लावा, आणि ते नसतील तर पानं उलटून बघा. खोडकिडीची अंडी पानाच्या खालच्या बाजूला, चपटी, पांढुरकी, खवल्यांसारखी एकावर एक चढलेली असतात. चार ते सहा दिवसांत ती उबतात आणि ट्रायकोग्रामाला तर त्यातलीही ताजी लागतात. म्हणून एकदाच कार्ड लावून भागत नाही.

उसासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी ५ फुले ट्रायकोकार्ड, मोठ्या बांधणीपर्यंत दर १० दिवसांनी. एकराला २ कार्डं धरा. पतंगांची झुंबड असेल तेव्हा आमच्या मते १० दिवस जास्त होतात, ७ दिवसांवर या. कांडी किडीसाठी, म्हणजे कांड्या पोखरणाऱ्या किडीसाठी, चौथ्या महिन्यापासून दर १५ दिवसांनी ३-४ वेळा. जोडीला बाळबांधणी वेळेवर करा आणि पाचट जाळू नका, सरीत पसरा. खोडकीड त्याने निश्चित कमी राहते आणि कार्डावरचा भार हलका होतो.

आता लावण्याची पद्धत, कारण सर्वात जास्त नासाडी इथे होते. हा कीटक फार लांब जात नाही, पाच-सात मीटरच्या टापूतच फिरतो. दोन कार्डं बांधावरच्या चार ठोंबांना अडकवली तर मधलं सगळं रान उघडं राहतं. दोन कार्डांचे मिळून ४० तुकडे करा, म्हणजे एका तुकड्यावर साधारण हजार अंडी येतात. दर १० मीटरवर एक तुकडा लावला की एकर पुरा होतो. तुकडा पानाच्या खालच्या अंगाला स्टेपल करा, अंड्यांची बाजू सावलीत आणि खाली तोंड करून. पिन कोऱ्या कागदावर मारा, अंड्यांवर नको. पोंग्यात खोचू नका, तिथे पाणी साचतं. पावसाची झड असेल तर उलटा कागदी कप टोचून त्याच्या आत तुकडा लावला की डिंक सुटत नाही.

वेळ सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. दिवस मात्र याहून महत्त्वाचा: प्रौढ निघायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी लावा. चार दिवस आधी लावलेल्या कार्डावर मुंग्या येतात आणि अंडी उचलून नेतात. दुसऱ्या दिवशी तुकडा कोराकरकरीत दिसला तर 'सगळे निघून गेले' असं समजू नका. निघून गेलेल्या अंड्याचं काळं टरफल जागेवर राहतं आणि त्याला बारीक गोल भोक असतं. टरफलच नसेल तर ते मुंग्यांनी नेलेलं आहे.

हे भोक बघायला १० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. प्रत्येक खेपेला एक छोटी पट्टी काचेच्या नळीत घालून कापसाच्या बोळ्याने तोंड बंद करा, सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांनी नळीच्या उजेडाकडच्या काचेवर लाल डोळ्यांचे कीटक फिरताना दिसतील. मग शंभर अंडी मोजा: किती काळी, त्यातली किती भोक पडलेली. भोक पडलेल्यांचा आकडा ८० च्या खाली आला तर पुढची खेप दुसरीकडून घ्या. पांढरी, पिचकलेली अंडी जास्त असतील तर माद्यांनी त्यांत अंडी घातलेलीच नाहीत, दोष प्रयोगशाळेचा. काळी आहेत पण भोक नाही, तर बहुधा वाटेत तापली किंवा फ्रिजमध्ये फार दिवस राहिली.

विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आणि काही साखर कारखान्यांकडे कार्डं मिळतात. किंमत शंभराच्या आतबाहेर. आठ-दहा दिवस आधी मागणी नोंदवा, कारण ही वस्तू साठवून विकता येत नाही. घेताना कार्डावर दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: ट्रायकोग्रामाची जात आणि प्रौढ निघण्याची तारीख. नुसतं 'ट्रायकोकार्ड' एवढंच छापलेलं असेल तर घेऊ नका. आणताना थर्माकोलच्या डब्यात, गाडीच्या डिकीत नाही. लावणं लांबलं तर फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात, ८ ते १० अंशांत, आठवडाभर ठीक. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं की मेलंच.

उणीव सांगायची तर मोठी एकच, उष्णता. सुरू उसात, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस लावलेल्या उसात, खोडकिडीचा जोर मार्च ते मे, आणि नेमकं तेव्हाच तापमान ३५ अंशांवर गेलं की प्रौढ कमी निघतात आणि निघालेलेही थोडं जगतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने उष्णता सहन करणारा ट्रायकोग्रामा चिलोनिस या जातीचा वाण तयार केला आहे. उन्हाळ्यात तोच मागा आणि पाण्याची पाळी दिल्यावर लावा, सरीत ओल असताना फरक पडतो.

फवारणीचं पथ्य पाळता येणार नसेल तर कार्डाला हातच लावू नका. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांनी प्रौढ मरतात, गंधकाची भुकटीही त्यांना बाधते. अशा फवारणीनंतर आठ-दहा दिवस थांबा आणि कार्ड लावल्यावर आठवडाभर पंप बाहेर काढू नका. बीटी (जिवाणूजन्य) किंवा विषाणूजन्य औषध चालतं. क्लोरअँट्रानिलीप्रोल बऱ्यापैकी निर्धोक आहे.

कपाशीत चिलोनिसचं कार्ड गुलाबी बोंडअळीला घेऊ नका. तिला ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही जात लागते, एकरी ६० हजार, म्हणजे ३ कार्डं. टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीला कार्ड चांगलं चालतं. मक्यातल्या लष्करी अळीला ट्रायकोग्रामा प्रेटिओसम सांगतात, पण तिचे अंडीपुंज केसांनी झाकलेले आणि थरांवर थर असतात, आतल्या अंड्यांपर्यंत हा पोचत नाही. तिथे टेलेनोमस रेमस हा दुसरा परोपजीवी कीटक सरस.

हरभऱ्यात मात्र पैसे घालू नका. पानांवरच्या लवेतून पाझरणारी आंब या इवल्या कीटकाला चालूच देत नाही, घाटेअळीचं अंडं समोर असूनही तो तिथवर जाऊ शकत नाही. तिथे एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीचं विषाणूजन्य औषध घ्या, हेक्टरी ५०० एलई (या औषधाचं माप), पाण्यात थोडी नीळ घालून, संध्याकाळी, अळ्या लहान असतानाच.