सॉक्सलेट, थंड भिजवण की आणखी काही?

वनस्पतीची भरड तयार आहे आणि अर्क काढायची पद्धत ठरत नाहीये? मग उपकरणांची यादी जरा बाजूला ठेवा. हवा असलेला रेणू उष्णता सोसतो का आणि तो पाण्यात विरघळतो की तेलात, एवढं आधी शोधा.

सॉक्सलेट हे काचेचं अर्क काढायचं उपकरण १८७९ पासून टिकून आहे ते उगाच नाही. द्रावकाची वाफ वर जाते, थंड होऊन थिंबलमधल्या (सच्छिद्र कागदी नळीतल्या) भरडीवर टपटपते आणि भांडं भरलं की सायफनमधून एका घोटात खाली उतरते. दर फेरीला ताजं द्रावक मिळतं, त्यामुळे थोडक्या द्रावकात भरड निपटून निघते. मेख खालच्या फ्लास्कमध्ये आहे. निघालेला माल तिथे तासन् तास उकळत राहतो, इथेनॉल असेल तर सुमारे ७८ अंशांवर. नाजूक रेणूचं तिथेच मातेरं होतं.

थंड भिजवणीत ही भीती नाही, पण दिवस जातात, द्रावक भरपूर लागतं आणि बराच माल चोथ्यात राहतो. तरी तिला कमी लेखू नका. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला मलेरियावरच्या वनस्पतीचा परिणाम कधी मिळे, कधी नाही. उष्णतेने गुण जात असावा, या तर्काने त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर घेतलं. १९७१ मध्ये तो अर्क उंदरांवर लागू पडला. पुढे त्यातूनच आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध हाती आलं.

मधला मार्ग हवा असेल तर अल्ट्रासाउंड, म्हणजे पाण्याच्या टाकीत भांडं ठेवून ध्वनिलहरी सोडायच्या. बुडबुडे फुटताना पेशीभित्ती फाटतात आणि काम मिनिटांवर येतं. टाकीतलं पाणी मात्र हळूहळू तापतं, म्हणून बर्फ टाकत राहा. मायक्रोवेव्ह त्याहून झटपट, पण तापमानावर नजर हवी.

सुपरक्रिटिकल (वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेतला) कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७४ बार दाबाच्या वर चालतो, दाब सोडला की उडून जातो, अर्कात द्रावक उरत नाही. सुगंधी तेलं, मेदविद्राव्य घटक यांना उत्तम. ध्रुवीय (पाण्याकडे ओढा असलेल्या) रेणूंसाठी सोबत थोडं इथेनॉल द्यावं लागतं. यंत्र महाग, त्यामुळे एकदोन नमुन्यांसाठी हा खटाटोप मी करणार नाही.

खरी कसोटी पुढे, वेगळं करताना. अल्कलॉइड (नायट्रोजन असलेला अल्कधर्मी वनस्पतिघटक) असेल तर कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, भरण्याआधी आम्ल-अल्कली फेरी करा: आम्लात ते क्षार होऊन पाण्यात जातात, अल्कली घातली की परत सेंद्रिय द्रावकात येतात. थर वेगळे करायचं फनेल मात्र जोरात हलवू नका, फेस धरून दोन्ही थर तासभर वेगळे होत नाहीत. बाकीच्यांना सिलिका कॉलम स्वस्त आणि पुरेसा. पण सिलिका किंचित आम्लधर्मी असते, टॅनिन घट्ट धरून ठेवते. टीएलसीच्या (पातळ थरावर घटक वेगळे करून बघायच्या चाचणीच्या) पट्टीवर ठिपका सुरुवातीलाच अडून बसला किंवा लांब शेपूट ओढू लागला, तर सेफाडेक्सकडे (कॉलममध्ये भरायच्या जेल कणांकडे) वळा. प्रिपरेटिव्ह एचपीएलसी, म्हणजे उच्च दाबाने शुद्ध माल गोळा करणारं कॉलमचं यंत्र, शेवटच्या काही मिलिग्रॅमसाठी राखून ठेवा. हिरवागार कच्चा अर्क थेट त्यात सोडलात, तर आधी कॉलमच बदलावा लागेल.