आयआर की युरोपियन अफेअर्स: बीएला काय घ्यावं?

इंटरनॅशनल रिलेशन्स (आयआर) घ्यायचं की युरोपियन अफेअर्स, हा प्रश्न ॲडमिशनच्या वेळी बऱ्याच जणांना पडतो आणि जिथे दोन्ही एकाच डिग्रीत असतात तिथे तो दुसऱ्या वर्षी परत पडतो, कारण तेव्हा मेजर निवडावं लागतं. मी या दुसऱ्या टप्प्यावर निवडलं. पहिल्या वर्षी दोन्हीकडचं थोडं थोडं शिकलो आणि मग युरोपियन अफेअर्सकडे गेलो. म्हणजे मी काही अगदी तटस्थ माणूस नाही, हे आधीच सांगतो. तीन वर्षं, 180 ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), शेवटी थिसिस, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

दोन्ही विषय लांबून सारखेच दिसतात, तेच देश, तेच करार, तेच नेते. पण मुळातला प्रश्न वेगळा आहे. आयआर तिथून सुरू होतं की देशांच्या डोक्यावर कुठलंच सरकार नाही, मग ते एकमेकांशी कसे वागतात. युरोपियन अफेअर्समध्ये सुरुवातच अशी की देशांनी स्वतःहून काही अधिकार वर, म्हणजे युरोपियन युनियनला (ईयूला) देऊन टाकलेत, मग आता कोण कुणाला, कुठल्या टप्प्यावर, कशाच्या आधारावर अडवू शकतं. या दोनपैकी कुठला प्रश्न तुम्हाला रात्री झोपताना पण छळतो ते बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो असं मला वाटतं.

आता मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त वैताग आला ती सांगतो, कारण माझं ठरलं ते जवळजवळ तिच्यामुळेच. आयआरच्या सेमिनारमध्ये विषय कुठलाही असो, युद्ध असो, व्यापार असो, हवामानाचा करार असो, चर्चा फिरून फिरून त्याच तीन चष्म्यांपाशी यायची. रिॲलिस्ट (सत्ता आणि स्वार्थ बघणारा) काय म्हणेल, लिबरल (संस्था आणि सहकार्य बघणारा) काय म्हणेल, कन्स्ट्रक्टिव्हिस्ट (ओळख आणि कल्पना बघणारा) काय म्हणेल. निबंध परत मिळाला की समासात शेरा ठरलेला, थिअरेटिकल फ्रेमवर्क कुठे आहे? मग पुढच्या वेळी फ्रेमवर्क आधी ठरवायचं आणि घटना त्यात बसवायची, मार्क चांगले मिळायचे. थिअरीला माझा विरोध नाही, ती नसेल तर नुसती बातम्यांची जंत्री होते. पण तिन्ही चष्मे लावून झाले तरी त्या दिवशी त्या खोलीत नेमकं काय घडलं, बाजूने कोण होतं, विरोधात कोण होतं, ठराव कुठल्या कलमाखाली आला होता, हे कळायचंच नाही, आणि ते न कळता पण निबंध पास व्हायचा. मला हे फार खटकायचं.

एक उदाहरण नीट सांगतो कारण योगायोगाने ते दोन्ही कोर्सेसमध्ये होतं. 2015 मध्ये ईयूने निर्वासितांच्या वाटपाचा निर्णय घेतला तो. आयआरच्या वर्गात आम्ही शिकलो की देश आपला स्वार्थ बघतात, संस्था दबावाखाली कमजोर पडतात, आणि राष्ट्रीय ओळखीचं राजकारण जोर धरतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या कुठल्याही संकटाबद्दल लिहिता येतात.

युरोपियन अफेअर्सच्या तासाला मात्र पहिल्यांदा तो निर्णयच समोर ठेवला. आधार कुठला, तर टीएफईयू, म्हणजे ईयूचं कामकाज ठरवणाऱ्या कराराचं कलम 78, परिच्छेद 3, म्हणजे अचानक लोंढा आला तर तात्पुरते उपाय करायची सोय. तिथे एकमत लागत नाही, क्वालिफाईड मेजॉरिटी, म्हणजे ठरावीक मोठं बहुमत पुरतं. 22 सप्टेंबर 2015 ला मंत्र्यांच्या कौन्सिलमध्ये मतदान झालं, विषय होता 1 लाख 20 हजार लोकांना इटली, ग्रीसवरून इतर देशांत हलवण्याचा. चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रोमानिया विरोधात, फिनलंड तटस्थ, तरीही निर्णय पास. पोलंडने बाजूने मत दिलं होतं! पुढच्याच महिन्यात तिथे निवडणूक झाली, सरकार बदललं आणि नव्या सरकारने तो राबवायला नकार दिला. म्हणजे 'पोलंड' असं एकच नाव लिहून त्याचं एकच राष्ट्रीय हित मांडलं की अर्धी गोष्ट हातातून निसटते.

हंगेरीचं तर त्याहून जास्त विचार करायला लावणारं. कमिशनच्या (ईयूत कायद्यांचे प्रस्ताव मांडणारी संस्था) मूळ प्रस्तावात या 1 लाख 20 हजारांपैकी 54 हजार लोक हंगेरीतून दुसरीकडे हलवायचे होते, म्हणजे कागदावर तरी हंगेरीचा भार हलका होणार होता, आणि हंगेरीनेच ते नको म्हटलं. हे वाचल्यावर 'स्वार्थ बघितला' एवढं म्हणून पुढे जाता येत नाही. इथे कन्स्ट्रक्टिव्हिस्ट लोकांचं म्हणणंच जास्त पटतं खरं तर, पण ते पटायला आधी तो प्रस्ताव वाचावा लागतो. पुढे स्लोव्हाकिया आणि हंगेरी लक्झेंबर्गच्या, म्हणजे ईयूच्या कोर्टात गेले, 6 सप्टेंबर 2017 ला कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं, आणि 2 एप्रिल 2020 ला त्याच कोर्टाने सांगितलं की पोलंड, हंगेरी आणि चेक रिपब्लिकने आपली जबाबदारी पाळली नाही. तोपर्यंत योजनेची मुदत कधीच संपलेली होती. म्हणजे कायद्याने जिंकणं आणि प्रत्यक्षात लोकं हलवणं यात किती अंतर असतं ते एका केसमध्ये दिसलं, आणि ते मी कुणाच्या मतावरून नाही, मूळ कागदांवरून बघितलं.

माझा काटा इथेच झुकला. करार, निर्णय, निकाल हे सगळं युर-लेक्स या ईयूच्या कायद्यांच्या वेबसाइटवर फुकट, बरंचसं 24 भाषांत, कधीही उघडा. पहिल्या वर्षाच्या पोराला पण प्रोफेसर वाचतात तोच कागद वाचता येतो, आणि प्रोफेसरशी असहमत व्हायचं तर परिच्छेद नंबर दाखवून होता येतं. मला या गोष्टीने जेवढा आत्मविश्वास दिला तेवढा दुसऱ्या कशाने नाही दिला.

आता आयआरच्या बाजूने पण मनापासून बोलतो, कारण त्याशिवाय तुम्हाला ठरवता येणार नाही. जग युरोपपेक्षा खूप मोठं आहे आणि जगातल्या बहुतेक भांडणांत असा कागद नसतोच. सुरक्षा परिषदेत पाच देशांकडे व्हेटो आहे, तो का वापरला त्याचं खरं कारण कुठल्या फाईलमध्ये मिळत नाही. डब्ल्यूटीओची (जागतिक व्यापार संघटना) अपिलेट बॉडी, म्हणजे अपिलं ऐकणारं मंडळ, डिसेंबर 2019 पासून बंद पडली कारण अमेरिकेने नवीन सदस्यांच्या नेमणुका रोखल्या, नियम जागेवर आहेत पण ते चालवणारा नाही, अशा वेळी नियमांपेक्षा सत्तेचा अभ्यास कामाला येतो. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण हल्ला केला तेव्हा माझ्यासारख्यांकडे तो का झाला हे सांगायला फारसं काही नव्हतं. अण्वस्त्रांची भीती, आघाड्या, सुरक्षेची कोंडी (एकाने स्वतःच्या बचावासाठी शस्त्रं वाढवली की दुसरा घाबरून वाढवतो), हे सगळं आयआरवाल्यांनी नीट शिकलेलं असतं, आम्ही ते घाईघाईत वाचून काढतो.

पण हल्ल्यानंतर काय झालं ते बघा. ईयूचे निर्बंध कौन्सिलमध्ये एकमताने घ्यावे लागतात आणि आर्थिक निर्बंधांची मुदत दर सहा महिन्यांनी वाढवावी लागते, म्हणून प्रत्येक वेळी एखादा देश अडून बसू शकतो आणि त्या बदल्यात दुसरं काहीतरी मागू शकतो. कुठे एकमत आणि कुठे बहुमत, हा रुक्ष वाटणारा फरक इथे थेट युद्धाच्या खर्चाशी जोडला जातो. ज्याला हे यंत्र आतून माहिती आहे त्याला बातमी आधी कळते, असं माझं तरी मत झालंय.

युरोपियन अफेअर्सचे त्रास पण आहेत. पहिलं सेमिस्टर नावांतच जातं. युरोपियन कौन्सिल (देशांच्या प्रमुखांचं) वेगळं, कौन्सिल ऑफ द ईयू (मंत्र्यांचं) वेगळं, आणि कौन्सिल ऑफ युरोप तर ईयूची संस्थाच नाही, ती स्ट्रासबर्गची 46 देशांची वेगळी संघटना. आयर्लंड ईयूत आहे, युरो वापरतो, पण शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात नाही, उलट नॉर्वे आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहेत पण ईयूत नाहीत. त्यात कलमांचे नंबर बदलत गेलेत. समान कामाला समान वेतन हे रोमच्या करारात कलम 119 होतं, मग 141 झालं, आता 157 आहे, त्यामुळे जुना निकाल वाचताना घरांचे नंबर बदललेल्या गल्लीत पत्ता शोधल्यासारखं होतं. हे सगळं पाठ होतं हळूहळू, पण ज्यांना कायद्याची भाषा वाचायचा मनापासून कंटाळा आहे त्यांनी आधीच विचार करावा, पुढे ते कमी होत नाही, वाढतंच.

आणि एक धोका खरंच आहे, नजर आत वळते. काही कोर्सेसमध्ये आफ्रिका फक्त मदतीच्या धड्यात येते आणि आशिया फक्त व्यापाराच्या. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमन यांची 9 मे 1950 ची घोषणा, मग रोम, मास्ट्रिख्ट, लिस्बन हे करार, असा एक सरळ चढता जिना शिकवला जातो, आणि त्याच काळात यातल्या काही देशांच्या वसाहती होत्या, 1957 मध्ये रोमचा करार झाला तेव्हा अल्जेरिया फ्रान्सच्या ताब्यात होतं आणि तिथे युद्ध चालू होतं, हे वेगळं शोधून वाचावं लागतं. आयआरचे चांगले डिपार्टमेंट्स यात आता बरेच पुढे आहेत, हे मान्य करायलाच हवं.

भाषेचं थोडक्यात. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी युरोपियन अफेअर्समध्ये दुसरी युरोपियन भाषा बहुतेक लागतेच, सक्तीची नसली तरी तिच्याशिवाय पुढे अडतं. फ्रेंच असेल तर उत्तमच, लक्झेंबर्गच्या कोर्टाचं आतलं कामकाज अजूनही फ्रेंचमध्येच चालतं.

नोकरीचा विषय निघणारच. इथे मी काटा जबरदस्तीने माझ्याकडे ओढणार नाही. ईयूच्या संस्थांमध्ये कायमचा अधिकारी व्हायला साधारणपणे सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. कमिशनची ब्लू बुक ट्रेनीशिप आहे, पाच महिन्यांची, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होते, बॅचलर डिग्री पुरते, बाहेरच्या देशांच्या लोकांनाही घेतात पण मोजक्याच जागा. म्हणजे युरोपियन पासपोर्ट नसेल आणि डोक्यात फक्त ब्रसेल्सची सरकारी नोकरी असेल तर ही डिग्री घेऊन तुम्ही दरवाजापर्यंत जाल आणि तिथे थांबावं लागेल. थिंक टँक, लॉबिंग, एनजीओ, कंपन्यांचे पब्लिक अफेअर्स विभाग यांचं तसं नाही, तिथे फाईल वाचता येणारा माणूस हवा असतो. उलट युरोप सोडून दुसरीकडे काम करायचं असेल तर सीव्हीवर आयआर लिहिलेलं लोकांना पटकन कळतं, युरोपियन अफेअर्स म्हणजे नक्की काय हे मला अजूनही समजावून सांगावं लागतं.

मग कुणी काय घ्यावं? अजून काहीच ठरलं नसेल, युद्ध-शांतता-सुरक्षा याचंच वेड असेल, किंवा मास्टर्सला जगात कुठेही जायचं असेल, तर आयआर घ्या, त्यात गैर काहीच नाही. पण तुम्हाला वाद घालताना पुरावा हातात लागतो, कुणीतरी 'देशांचं असंच असतं' म्हटलं की चिडचिड होते, तर माझ्या मते युरोपियन अफेअर्स जास्त समाधान देईल, आणि गंमत म्हणजे त्यातून शिकलेली सवय डब्ल्यूटीओ किंवा आफ्रिकन युनियनच्या कागदांवरही तशीच चालते. उलट्या दिशेने हा प्रवास मला अवघड वाटतो, अर्थात हा माझ्या आजूबाजूच्या मित्रमैत्रिणींना बघून झालेला अंदाज आहे.

नावावर मात्र जाऊ नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या बीएचं नाव इंटरनॅशनल रिलेशन्स अँड इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन, तिथल्याच मास्ट्रिख्ट विद्यापीठाचं युरोपियन स्टडीज, काही ठिकाणी दोन्ही नावं जोडून एकच डिग्री, आणि एकाच नावाखाली आत वेगळंच काहीतरी असतं. यातलं कुठलंच माझं कॉलेज नाही, फक्त उदाहरणं देतोय. मॉड्यूलची यादी उघडा आणि बघा की संशोधनाच्या पद्धती किती शिकवतात, आकडेवारी आहे का, एक्स्चेंज सेमिस्टर सगळ्यांना मिळतं की मोजक्यांना, आणि थिसिसला विषय तुम्ही निवडता की यादीतून घ्यावा लागतो. जोडडिग्री असेल तर मेजर कधी निवडायचं ते विचारा, पहिल्या सेमिस्टरनंतर लगेच निवडायला लावत असतील तर ते फार लवकर आहे. आणि ईयू लॉ कुठल्या वर्षी ठेवलंय ते नक्की बघा, ते तिसऱ्या वर्षाला ढकललं असेल तर त्याआधीचे व्यापार, स्थलांतर, पर्यावरण हे सगळे पॉलिसीचे विषय तुम्ही अर्धवट समजून पास व्हाल.